गुऱ्हाळाच्या चुलवणावर हॉट एअर इंजिन (स्टर्लिंग) लावून वीज होईल का?

ऊसकरी_करवीर:

नमस्कार मंडळी. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, आजोबांच्या वेळेपासनं. दिवाळी झाली की चालू होतं ते मार्च-एप्रिलपर्यंत. चुलवणात चिपाडं जळतात, वर एकच मोठी काहील, एका आधणाला हजार लिटरच्या आसपास रस, आणि काहिलीखालनं निघालेला जाळ मागनं धुराड्यात जातो. धुराड्याच्या तळाशी उभं राहवत नाही इतकी धग असते. रात्री लाईट गेली की मागच्या विटा लालसर दिसतात. एवढी उष्णता आभाळात चाललीय आणि इकडं आपण अंधारात बॅटरी धरून काहील उतरवतोय, हे बघून जीव तुटतो.

शेतीची थ्री फेज लाईन आमच्यात कधी दिवसा कधी रात्री, त्यात मधीच जाते. चरकाची मोटर मोठी आहे, ती असल्या इंजिनावर चालणार नाही हे कळतं मला. मला फक्त शेडमधले दिवे, रस काहिलीत चढवायचा अर्धा एचपीचा पंप, आणि जमलं तर चुलवणाला एक ब्लोअर, एवढंच चालवायचंय, म्हणजे धरा १ ते दीड किलोवॅट. यूट्यूबवर स्टर्लिंग इंजिनचे व्हिडिओ बघितले, बाहेरनं उष्णता द्यायची, आत हवा तापते-गार होते आणि फिरतं, ना वाफेचा बॉयलर ना डिझेल. आमच्यासाठीच केलंय असं वाटलं. गावात लेथवाला आहे, वेल्डर चांगला आहे, भंगारात जुने एअर कॉम्प्रेसर मिळतात.

तर जाणकारांनी सांगा, कॉम्प्रेसरच्या सिलिंडर-पिस्टनवर हे बनेल का, धुराड्यात बसवलं तर किती पॉवर निघेल, आणि मुख्य म्हणजे इतकं चांगलं असेल तर बाजारात का मिळत नाही? जनरेटर घे असं कृपया सांगू नका, डिझेलचा खर्च गुळाच्या दरात बसत नाही.

---

लेथवरचा_माणूस:

दादा, प्रश्न चांगला मांडलायत, म्हणून सविस्तर लिहितो. मी सगळं आयुष्य मशीन शॉपमध्ये काढलंय आणि या इंजिनांचं मला जुनं वेड आहे.

पहिल्यांदा पॉवरचा हिशोब. ओहायोच्या विल्यम बील यांनी चांगल्या चालणाऱ्या बऱ्याच इंजिनांवरनं एक ढोबळ सूत्र काढलं, ते पाठ करून ठेवा. पॉवर वॅटमध्ये = ०.०१५ × आतल्या गॅसचं सरासरी प्रेशर (बार) × दर सेकंदाला फेरे × पिस्टन जेवढी जागा झाडतो ती सीसीमध्ये. आता तुमच्या भंगारातल्या कॉम्प्रेसरचा सिलिंडर धरा २०० सीसी, आत साधी वातावरणाची हवा म्हणजे १ बार, आणि ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १० फेरे. गुणा. ३० वॅट. आणि हे सूत्र गरम बाजू साडेसहाशे अंशांच्या आसपास असलेल्या, नीट डिझाईन केलेल्या इंजिनाचं आहे, गावात पहिल्यांदा बनवलेल्याला याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ. यूट्यूबवर जे फिरताना दिसतं ना, त्याला लोड लावून दाखवत नाहीत ते यामुळंच.

१ किलोवॅट पाहिजे तर तीनच मार्ग, सिलिंडर मोठा करा, वेग वाढवा नाहीतर प्रेशर वाढवा. वेग वाढवला की गॅसला गरम-गार व्हायला वेळच मिळत नाही आणि बारीक जागांतनं ढकलताना ताकद खर्च होते. सिलिंडर मोठा केला की पिंप होतं. म्हणून खरा मार्ग प्रेशरचा. ५०० सीसी, ९०० आरपीएम आणि ९ बार प्रेशर, एवढं जमलं तर सूत्रानं साधारण १ किलोवॅट बसतो. आता ९ बार म्हणजे कॉम्प्रेसरच्या टाकीएवढंच प्रेशर, तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. टाकी गार असते हो. तुमच्या इंजिनाची एक बाजू लाल व्हायच्या बेतात असणार आणि त्याच बाजूला हे प्रेशर सांभाळायचंय. साधं एमएस स्टील त्या तापमानाला मऊ पडतं, हळूहळू ताणत जातं आणि एक दिवस फुगा येतो. गरम टोपी, म्हणजे सिलिंडरचं जाळाकडचं बंद टोक, ३१० स्टेनलेसची पाहिजे, ३०४ वापरायची तर तापमान कमी ठेवायचं, आणि वेल्डिंगचा जोड शक्यतो गरम भागात येऊच द्यायचा नाही. तयार झालं की आधी पाण्यानं प्रेशर टेस्ट, तीसुद्धा चालू प्रेशरच्या कितीतरी पट, कारण टेस्ट गारमध्ये होते आणि तापल्यावर धातूची ताकद निम्म्यावर येते.

अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगतो. कॉम्प्रेसरचा पिस्टन तेलावर चालतो. दाबाखालची गरम हवा आणि तेलाची वाफ एकत्र आली की स्फोट होतो, असे अपघात झालेले आहेत. त्यामुळं दाब द्यायचा असेल तर एकतर कोरड्या रिंगा वापरा, म्हणजे ग्रॅफाईट किंवा काचतंतू भरलेलं टेफ्लॉन, आणि बेअरिंग सीलबंद ग्रीसचे, नाहीतर हवेऐवजी नायट्रोजन भरा. वेल्डिंग गॅसवाल्याकडं नायट्रोजनचं सिलिंडर मिळतं, महाग नाही. हीलियम जास्त चांगला पण तो महाग आणि कुठनंही निसटतो.

कॉम्प्रेसरमधला क्रँक, बेअरिंग, बॉडी वापरता येईल. हेड मात्र पूर्ण नवीन. आणि जनरेटर क्रँककेसच्या आतच बसवा, म्हणजे फिरता शाफ्ट बाहेर काढावा लागत नाही, फक्त दोन वायरी बाहेर. नाहीतर शाफ्टच्या सीलमधनं रोज प्रेशर उतरेल आणि रोज भरत बसाल.

---

आइंडहोव्हनकर:

वरच्या काकांनी बीलचं सूत्र दिलंय ते अगदी बरोबर. मी मूळचा सांगलीचा, आता नेदरलँड्समध्ये असतो, आणि योगायोगानं ज्या गावात राहतो तिथंच या इंजिनाचा दुसरा जन्म झाला, म्हणून "बाजारात का नाही" याचं उत्तर मी देतो.

मूळ पेटंट १८१६ चं, रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटिश पाद्र्याचं. त्यानं त्यात खरी नवी गोष्ट आणली ती म्हणजे उष्णता साठवून परत देणारा भाग, ज्याला आज रिजनरेटर म्हणतात, त्याचं नाव त्यानं इकॉनॉमायझर ठेवलेलं. १८१८ मध्ये एका दगडाच्या खाणीतलं पाणी उपसायला इंजिन लावलं. पुढं त्याचा भाऊ जेम्स, जो इंजिनिअर होता, त्यानं डंडीच्या फाउंड्रीत दाबाखालच्या हवेवर चालणारं मोठं इंजिन बसवलं, ते कारखाना ओढत होतं, कोळसाही कमी खायचं, पण सिलिंडरची गरम टोकं जळून फुटायची. शेवटी १८४७ मध्ये तिथं परत वाफेचं इंजिन आलं. स्टर्लिंगनं म्हातारपणी, १८७६ मध्ये, लिहून ठेवलंय की बेसेमरचं पोलाद तीस-चाळीस वर्षं आधी मिळालं असतं तर हवेचं इंजिन नक्की यशस्वी झालं असतं. म्हणजे करवीरच्या वेल्डरसमोर आज जो प्रश्न आहे तोच त्याच्यासमोर होता, गरम टोकाचा धातू.

त्याच काळात अमेरिकेत जॉन एरिक्सन नावाच्या इंजिनिअरनं १८५३ साली अख्खं जहाज गरम हवेवर चालवलं, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १४ फूट, आणि पॉवर जेमतेम ३०० एचपीच्या घरात. १ बारच्या हवेवर पॉवर काढायची तर आकार कुठं जातो ते यावरनं कळेल. पण त्यानंतर लहान गरम-हवा पंप हजारोंनी खपले, कारण बॉयलर फुटायची भीती नाही आणि घरातला गडीही चालवू शकतो. आपल्याकडंसुद्धा वीज यायच्या आधी रॉकेलवर चालणारे पंखे यायचे ना, खाली दिवा आणि वर पाती, ते याच तत्त्वावर. जुन्या वाड्यांत, संस्थानिकांच्या घरात अजून एखादा सापडतो.

मग विजेची मोटर आणि पेट्रोल इंजिन आलं आणि हे सगळं मागं पडलं. १९३० च्या दशकात इथल्या फिलिप्स कंपनीला प्रश्न पडला की जिथं वीज नाही तिथं आपला रेडिओ कसा विकायचा, म्हणून त्यांनी रॉकेलवर चालणारं शांत जनरेटर करायला घेतलं. आधुनिक रिजनरेटर, दाब दिलेला गॅस, सगळं इथंच तयार झालं. १९५० च्या सुरुवातीला २०० वॅटच्या आसपासचा जनरेटर सेट निघाला, जेमतेम दीडशे-एक नग बनले, आणि तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला, रेडिओ बॅटरीवर चालायला लागला, गिऱ्हाईकच संपलं. तेच यंत्र उलटं फिरवलं की थंड करतं, आणि त्यावर द्रव हवा, द्रव नायट्रोजन बनवायची मशीन मात्र जगभर खपली.

आजही हे इंजिन मेलेलं नाही. स्वीडनच्या गॉटलँड वर्गाच्या पाणबुड्या पाण्याखाली यावरच वीज करतात कारण आवाज नाही. अमेरिकेत २००८ मध्ये आरशाच्या मोठ्या डिशवर बसवलेल्या इंजिनानं उन्हाची ३१.२५ टक्के वीज करून विक्रम केला. पण नंतर सोलर पॅनेल इतकं स्वस्त झालं की ती डिशवाली कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणजे इंजिन वाईट म्हणून मागं पडलेलं नाही, दरवेळी शेजारी काहीतरी स्वस्त उभं राहतं. जिथं इंधन फुकट, आवाज नको आणि उरलेल्या उष्णतेचाही उपयोग, तिथंच ते टिकतं. तुमचं गुऱ्हाळ त्यातल्या दोन अटी तरी पाळतंय, म्हणून मला तुमच्या प्रश्नात दम वाटतो.

रिजनरेटरबद्दल एक. लोक तो "असला तर बरा" म्हणून बघतात. चांगल्या इंजिनात दर फेऱ्याला हीटरमधनं, म्हणजे जाळाची उष्णता गॅसला देणाऱ्या भागातनं, जेवढी उष्णता आत येते त्याच्या कितीतरी पट रिजनरेटरमधनं नुसती ये-जा करत असते. त्यामुळं तो ९८ टक्क्यांऐवजी ९० टक्के काम करत असेल तर ऐकायला फरक थोडा वाटतो पण हीटरला जवळजवळ अर्धं जास्त काम पडतं. भांडी घासायची स्टील वूल कोंबू नका, तिचे तुकडे सुटून रिंगांत जातात. स्टेनलेसची बारीक विणलेली जाळी घ्या, गोल चकत्या कापा, एकावर एक घट्ट रचा, बाजूनं गॅस पळायला फट ठेवू नका.

---

सोलर_सोपं_आहे:

भावा एवढा खटाटोप कशाला, शेडवर पॅनेल टाका, एक लिथियम बॅटरी घ्या, मोकळे व्हा. हंगाम सगळा स्वच्छ उन्हाचा आहे. १ किलोवॅटसाठी स्टर्लिंग बनवण्यात जो स्टेनलेसचा आणि लेथचा खर्च होईल त्यात पॅनेल येऊन वर पैसे उरतील.

---

स्मिता_थर्मल:

सोलरवाल्यांचं म्हणणं खर्चाच्या दृष्टीनं खरं आहे आणि ते आधीच मान्य करून पुढं जाऊया. नुसते दिवे आणि पंप एवढंच असेल तर पॅनेल-बॅटरीच. पण दादांचा मूळ प्रश्न वाया जाणाऱ्या उष्णतेचा आहे, आणि त्यावर मला जरा वेगळं सांगायचंय. मी थर्मल शिकवते, आणि माहेरी गुऱ्हाळ होतं त्यामुळं चुलवण माझ्या ओळखीचं आहे.

आधी उष्णता किती आहे ते बघू. हजार लिटर रसातलं साधारण ८०० लिटर पाणी उडवायचं असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला २२६० किलोज्यूल लागतात. अडीच तासांत आधण उतरतं असं धरलं तर काहिलीत सरासरी २०० किलोवॅट उष्णता जाते. परत वाचा, २०० किलोवॅट. एका काहिलीच्या जुन्या चुलवणात चिपाडातली निम्म्याहून बरीच जास्त उष्णता काहिलीला न लागताच जाते, म्हणजे धुराड्यातनं आणि भिंतींतनं जाणारी काहिलीत जाणाऱ्यापेक्षा जास्तच असणार. तुमच्या १ किलोवॅट इंजिनाला, ते १५ टक्के कार्यक्षम आहे असं धरलं, तर ७ किलोवॅटसुद्धा लागत नाही. उष्णतेला तोटा नाहीच. अडचण आहे ती धुरातनं काढून इंजिनाच्या आत पोचवायची.

आणि इथं जागा महत्त्वाची आहे. तुम्ही म्हणताय धुराड्यात बसवू. धूर समजा ६०० अंशांवर आहे आणि इंजिनाची टोपी ४५० वर ठेवायचीय. नुसत्या वाहत्या धुरातनं धातूत उष्णता फार हळू शिरते, ढोबळ हिशोबानं ७ किलोवॅटसाठी जवळपास ०.९ चौरस मीटर पृष्ठभाग लागेल. एवढी टोपी इंजिनाला बसवणं शक्य नाही, आणि पंखे-नळ्या लावून वाढवली तर आतली निकामी जागा, जिथं पिस्टन पोचत नाही ती, वाढते आणि पॉवर पडते. तेच जर टोपी जाळाच्या समोर ठेवली, म्हणजे काहिलीखालनं जाळ मागं वळतो त्या तोंडाशी, तर जाळ आणि तापलेल्या विटा यांच्या नुसत्या झळीनंच त्याच्या सात-आठपट कमी पृष्ठभागात तेवढी उष्णता मिळते. तेव्हा धुराडं सोडा, मागच्या वळणाची भिंत बघा. तिथनं ७ किलोवॅट घेतले म्हणून २०० किलोवॅटच्या काहिलीला जाणवणारही नाही.

पण तिथं राख आहे. चिपाडाच्या राखेत सिलिका आणि पोटॅश असतं, ते जास्त तापलं की चिकट होऊन धातूवर बसतं. हंगाम संपल्यावर मागच्या भिंतीवर काचेसारखा काळसर हिरवा थर दिसतो ना, छिन्नी मारून काढावा लागतो, तोच थर टोपीवर बसणार आणि उष्णता अडवणार. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात लाकडाच्या तुकड्यांवर चालणारं ३५ किलोवॅटचं चार सिलिंडरचं स्टर्लिंग तयार केलं होतं, त्यांनाही हीटर मुद्दाम रुंद-मोकळा करावा लागला, बारीक पंखे लावले की राखेनं बुजतात म्हणून. आपल्याकडं मद्रासमध्येही १९८० च्या दशकात भाताच्या तुसावर चालणारं ५ एचपीचं हवेचं इंजिन बनत होतं, तेही मोठं, संथ आणि धडधाकट. तुमच्यासाठी धडा एकच, टोपी बाहेरनं गुळगुळीत ठेवा आणि शेजारी एक झाकणाची खिडकी ठेवा, रोज ब्रशनं झाडता आली पाहिजे.

आता माझं खरं म्हणणं. इंजिन कराच, पण त्याआधी धुरावर रस तापवा. धुराड्याच्या तळाशी एक उथळ टाकी ठेवून पुढच्या आधणाचा रस ३० वरनं ८० अंशांपर्यंत नेला तर आधणामागं २०० मेगाज्यूल वाचतात, म्हणजे काहिलीच्या कामातला दहावा हिस्सा. चिपाडं वाचतात, आधण लवकर उतरतं, गुळव्याचा वेळ वाचतो. उत्तर प्रदेशात तीन-चार काहिलींची चुलवणं हेच करतात, धूर एकामागनं एक काहिलीखालनं जातो. एक लक्षात ठेवा, रस तापवून ताटकळत ठेवायचा नाही, कोमट रस आंबतो आणि त्यातली साखर फुटते, मग गुळाला कणी येत नाही. लगेच काहिलीत गेला पाहिजे.

---

ऊसकरी_करवीर:

स्मिताताई, काका, आइंडहोव्हनकर भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रस तापवायचं तर मी या हंगामातच करतो, मागं जुनी काहील पडलेलीच आहे.

सोलरवाले भाऊ, तुमचं पटतंय, दिव्यांपुरतं पॅनेल लावून टाकतो. पण इंजिनाचं वेड काही जात नाही. आमच्या पट्ट्यात गुऱ्हाळं बंद पडत चाललीत, मजूर मिळत नाही, चिपाडाचं काय करायचं कळत नाही. एकानं करून दाखवलं तर बाकीचे बघायला येतील, आणि चिपाडाची किंमत कळेल लोकांना. मला ते करून दाखवायचंय.

अजून दोन प्रश्न. गार बाजूला पाणी फिरवायचं म्हणतात, तिथं पाण्याऐवजी रसच फिरवला तर एका दगडात दोन पक्षी होतील का? आणि अल्फा, बीटा, गॅमा असे प्रकार सांगतात त्यातला आमच्या लेथवाल्याला झेपणारा कुठला?

---

लेथवरचा_माणूस:

प्रकाराचं मी सांगतो. अल्फात दोन पिस्टन, त्यातला एक गरम बाजूला, आणि त्या गरम पिस्टनच्या रिंगा सांभाळणं म्हणजे डोकेदुखी, ते सोडा. बीटात एकाच सिलिंडरमध्ये डिस्प्लेसर आणि पिस्टन दोन्ही, पॉवरला सगळ्यात चांगलं पण डिस्प्लेसरचा रॉड पिस्टनच्या मधनं आरपार जातो, त्याचं सेंटर जरा हललं की घासतं. गॅमात दोन वेगळे सिलिंडर, जोडणारी वाट मधे येते म्हणून थोडी पॉवर जाते, पण प्रत्येक भाग वेगळा काढून बघता येतो. पहिलं इंजिन गॅमाच करा. अनुभव आला की तोच लेथवाला बीटा करेल.

डिस्प्लेसर म्हणजे नुसता हवा इकडची तिकडं करणारा बंद डबा, तो काही ताकद घेत नाही, त्यामुळं त्याला घट्ट रिंग लागत नाही. पण तो लांब पाहिजे, त्याच्या स्ट्रोकच्या तिप्पट तरी, आणि पत्रा पातळ स्टेनलेसचा, नाहीतर गरम टोकाची उष्णता त्याच्या अंगातनंच गार टोकाला जाईल. आत दोन-तीन आडव्या चकत्या टाका, झळ अडते. सिलिंडर आणि डिस्प्लेसर यांच्यातली फट एकसारखी आहे का ते बघायला इंजिन हातानं सावकाश फिरवा आणि कान लावा, कुठंही खर्रर्र झालं तर रॉडचं बुश परत लावा. गरम झाल्यावर सगळं फुगतं, गारमध्ये जेमतेम सुटत असेल तर तापल्यावर जाम होणारच.

निकामी जागा, म्हणजे पिस्टन जिथं पोचत नाही अशा वाटा, नळ्या, कोपरे, जितक्या कमी तितकं बरं. जोडपाईप लांब-वाकडा टाकू नका, भोक थेट बॉडीतनंच काढा. अशा इंजिनात प्रेशरचा चढउतार आधीच थोडा असतो, त्यातला अर्धा त्या रिकाम्या नळीत गेला तर पिस्टनला काय ढकलणार.

आणि दादा, पहिल्यांदा १ बारवर चालवा. पन्नास वॅट आले तरी चालतील. फिरतंय, रिजनरेटर लावल्या-काढल्यानं फरक पडतोय, गार बाजू गार राहतेय, एवढं कळलं की मग नायट्रोजन ३ बार, मग ५. बीलच्या सूत्रात प्रेशर दुप्पट केलं की पॉवर दुप्पट, तेव्हा प्रत्येक पायरीला पॉवर त्याच प्रमाणात वाढतेय का बघत जायचं. वाढत नसेल तर कुठंतरी गळतंय नाहीतर हीटर पुरत नाही.

---

स्मिता_थर्मल:

गार बाजूचं. तुमच्या १ किलोवॅटच्या इंजिनात जवळपास पावणेसहा किलोवॅट उष्णता गार बाजूनं बाहेर पडणार. पाणी १० अंशांनी तापू द्यायचं तर मिनिटाला ८ लिटर पाणी लागेल, म्हणजे तुमचा छोटा पंपही पुरेल. अडीच तासांत तेवढ्या उष्णतेनं हजार लिटर रस बारा-तेरा अंशांनी तापतो, म्हणजे कल्पना चुकीची नाही. पण रस थेट जॅकेटमध्ये नको. त्यात कचरा, मळी, साखर, बारीक वाटा चिकटून बसतील आणि दोन आधणांमधे तिथं राहिलेला रस आंबेल. जॅकेटमध्ये साधं पाणी फिरवा आणि ते गरम झालेलं पाणी रसाच्या टाकीतल्या स्टेनलेस कॉइलमधनं न्या. म्हणजे ताज्या रसाला पहिले बारा अंश इंजिन देईल आणि पुढचे चाळीस धूर देईल. इंजिनाला नेहमी नुकताच गाळलेला गार रस समोर मिळाला पाहिजे, कारण गार बाजू जेवढी गार तेवढी पॉवर जास्त. गरम ५०० आणि गार ५० अंश असेल तर आदर्श मर्यादाच ५८ टक्के, त्यातले प्रत्यक्षात पहिल्या इंजिनाला १०-१५ मिळाले तरी मी टाळ्या वाजवेन. गार बाजू ९० वर गेली तर मर्यादा ५३ वर येते, आणि खरा फटका त्याहून जास्त बसतो कारण गॅसचा फुगवटा-आकसणं कमी होतं.

बीलचं सूत्र ६५० अंशांचं आहे हे काकांनी सांगितलंच. ५०० वर त्याच्या दोन तृतीयांश आणि ३५० वर निम्म्याच्या आसपास धरा. म्हणून सगळं टोपीच्या तापमानावर अवलंबून आहे, आणि ते अंदाजानं ठरवू नका. आत्ता चुलवण चालू आहे ना?

---

ऊसकरी_करवीर:

हो ताई, चालू आहे. दिवसरात्र. मोजायचं कशानं आणि कुठं?

---

स्मिता_थर्मल:

के टाईप थर्मोकपल घ्या, स्टेनलेसच्या नळीतलं, हजार अंशांच्या वरचं चालणारं, आणि साधा डिजिटल मीटर. इलेक्ट्रिकल मालाच्या मोठ्या दुकानात मिळेल. मागच्या वळणाच्या भिंतीत एक वीट काढून तिथं, आणि धुराड्याच्या तळाशी, अशा दोन जागी. टोक भिंतीला टेकवू नका, जाळाच्या मधोमध येऊ द्या. जळण टाकणाऱ्याला सांगायचं नाही, त्याच्या नेहमीच्या सवयीनं टाकू दे. पूर्ण आधणाचे, जाळ घातल्यापासनं काहील उतरेपर्यंत, दर पाच मिनिटांनी आकडे लिहा, आणि चिपाडं ओली-सुकी कशी होती तेही शेजारी लिहा. शेवटी पाक घट्ट व्हायला लागला की गुळव्या जाळ कमी करायला सांगतो, तेव्हा तापमान किती खाली येतं ते मुद्दाम बघा, इंजिन तेवढ्या वेळात बंद पडणार की तग धरणार ते त्यावरनं ठरेल. आकडे इथं टाका, टोपीचा आकार मग बसून काढू.

---

लेथवरचा_माणूस:

आणि वीट काढाल तिथलं माप पण टाका दादा, भिंतीची जाडी किती आणि मागं इंजिन उभं करायला जागा किती. जाडी कळल्याशिवाय मला डिस्प्लेसरची लांबी सांगता येणार नाही.

---

ऊसकरी_करवीर:

भिंत दीड वीट आहे, मागं बांधापर्यंत चार फूट मोकळं. थर्मोकपल उद्या शाहूपुरीत बघतो. आकडे टाकतो.